कव्हरखालचं कार्ड

मी एक ग्राफिक्स कार्ड. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जी चित्रं हलतात, ती हलवायचं काम माझं. वय वर्षं सात. माणसांमध्ये या वयात दुधाचे दात पडतात, आमच्यात निवृत्ती येते.

पहिली दोन-तीन वर्षं चौबे कॉलोनीतल्या विकीकडे गेली. तो माझ्यावर गेम खेळायचा आणि हरला की मलाच शिव्या द्यायचा. मग नवं कार्ड आलं आणि मी लोकेशच्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात फळीवर जाऊन बसलो. तिथून मला भावनानं घेतलं.

भावना भनपुरीत राहते, हिंदी मुलखातल्या मराठी घरात. स्टुडिओवाल्यांनी काढलेले लग्नाचे व्हिडिओ कापून-जोडून देते. शूटिंग दुसऱ्याचं, नावही दुसऱ्याचं. स्वतःचा कॅमेरा घ्यायचा म्हणून ती वर्षभर पैसे बाजूला टाकत होती. त्या कॅमेऱ्याचा फोटो रोज उघडून बघायची. तो पडद्यावर मीच दाखवत असे, म्हणून मला ठाऊक.

यंदा मी मंदावलो. चाळीस मिनिटांच्या कामाला दोन तास लागू लागले. स्टुडिओवाल्यानं दोन लग्नं दुसरीकडे दिली. मग भावना कॅमेऱ्याऐवजी नव्या कार्डांचे फोटो बघू लागली. तेही मीच दाखवले. नोकरी ती नोकरी. लोकेश म्हणाला, नवं कार्ड घेतलं तर त्याच्या जोडीला पॉवर सप्लायही मोठा लागेल. म्हणजे कॅमेऱ्याचे सगळे पैसे गेले.

रविवारी ती मला काढायला बसली. तिचे बाबा, नत्थू, शेजारी चहा पीत होते. रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून रिटायर झालेला माणूस. सहज त्यांचा हात कॉम्प्युटरच्या डब्यावर पडला.

"हे एवढं तापून काहून राहिलं?"

"पुराना हो गया है, बाबा. बदलना पड़ेगा."

"बदलशील मंग. आधी हे कव्हर काढ."

भनपुरीत कारखान्यांची काजळी पडते. सकाळी पुसलेली फरशी दुपारी पाय काळे करते. म्हणून भावनाची आई, सत्यभामा, घरातल्या प्रत्येक वस्तूला कव्हर शिवते. मिक्सरला, टीव्हीला, गॅसच्या सिलिंडरलासुद्धा. कॉम्प्युटरला तिनं गेल्या हिवाळ्यात पडद्याच्या जाड कापडाचं शिवलं. काम करताना पुढचा पदर वर टाकायचा, मागची बाजू बंदच. मी गरम हवा जिथून बाहेर टाकतो, नेमकं तिथं कापड दुहेरी. सगळे रोज बघत होते, पण झाकलेली वस्तू म्हणजे जपलेली वस्तू, असाच या घराचा हिशेब.

बाबांनी रंगाच्या ब्रशनं माझी धूळ झाडली. कव्हर न घालता भावनानं तेच काम पुन्हा लावलं. पन्नास मिनिटं लागली. वरची दहा माझ्या वयाची.

सत्यभामा दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

"माह्या कव्हरनंच झालं का मंग सारं?"

"आई, काजळी से भी तो उसी ने बचाया," भावना म्हणाली.

दोन्ही खरं होतं. मला कुणाचाच राग आला नाही. भावनानं मला ठेवलं ते मायेनं नव्हे, काम भागतं म्हणून. ते मला योग्यच वाटतं.

पुढच्या महिन्यात कॅमेरा आला. तिनं पहिलं शूटिंग घरातच केलं आणि ते माझ्याकडे आलं. त्यात सत्यभामा जमिनीवर बसून माझ्या कव्हरची मागची बाजू कापत होती. चौकोनी खिडकी कापून तिनं कडेनं नीट दुमड घातली, जुन्या साडीचा काठही लावला. माझ्या पडद्यावरून किती लग्नं गेली, त्यांतलं कुणी माझ्या ओळखीचं नव्हतं. ही मात्र आमच्या घरची बाई होती. मी एकाही फ्रेमला न अडखळता तिला दाखवलं.

आता दिवस थोडेच आहेत, हे मला कळतं. संपेन तेव्हा खुशाल काढा. फक्त माझ्या जागी जो येईल, त्यालाही ही खिडकी उघडी असू द्या.