साठच्या आत

परीक्षांना मी कधी घाबरलो नाही. परीक्षा म्हटलं की मला हुरूप येतो, मग ती माझी असो की दुसऱ्या कुणाची. मी घाबरतो घोड्यांना. तरीही २००६ च्या जानेवारीत, चव्वेचाळिसाव्या वर्षी, अर्विंगमधल्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळणाऱ्या मी, रवींद्रनं, घोड्यावर बसायला शिकायचं कबूल केलं. त्याला कारण आमची मुलगी शिवांगी आणि माझी स्वतःची जीभ.

शिवांगी चौदा वर्षांची. गेली दोन वर्षं दर शनिवारी ती डेंटनजवळच्या वांडाबाईंच्या तबेल्यात जात होती. तिथली जूनी नावाची तांबूस घोडी म्हणजे तिचा जीव की प्राण. येत्या उन्हाळ्यासाठी मी तिला सहा आठवड्यांचा गणिताचा कॅम्प शोधून पैसेही भरून ठेवले होते. तिला उन्हाळा तबेल्यात घालवायचा होता. आठवडाभर धुसफूस झाल्यावर तिनं माझ्यासमोर एक माहितीपत्रक आपटलं. एंड्युरन्स राइड: घोड्यावरून, रानातून पंचवीस मैल, म्हणजे चाळीस किलोमीटर, सहा तासांच्या आत.

"ही पूर्ण करून दाखव," मी ऐटीत म्हणालो, "कॅम्प कॅन्सल करतो."

मला वाटलं, आता गप्प बसेल. तिनं शांतपणे पान उलटलं. सोळा वर्षांखालच्या मुलांबरोबर एक मोठं माणूस घोड्यावर हवं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

"वांडाच्या गुडघ्याची सर्जरी झालीय," ती म्हणाली. "सो इट्स यू, बाबा."

माझी बायको शुभा पोहे परतत होती. ती इतकी हसली की तिला गॅस बंद करावा लागला.

म्हणजे बघा, ती जिंकली की मी हरणार आणि माझ्याशिवाय ती जिंकू शकत नाही. दुसरा कुणी असता तर पहिल्याच दिवशी पाठीत उसण भरल्याचं सांगून मोकळा झाला असता. पण एकदा फॉर्म भरला की पेपर अर्धवट टाकणं माझ्या रक्तात नाही. मी एक्सेल उघडलं. बारा आठवडे, घोडीचे मैल, माझे मैल, माझं वजन, शेरा.

वांडाबाई सत्तरीच्या. त्यांनी एक्सेलकडे पाहिलंही नाही. त्यांचा सगळा अभ्यासक्रम तीन शब्दांत होता: हळू, लांब, आणि पुन्हा हळू. मला त्यांनी बिस्किट नावाचा वीस वर्षांचा घोडा दिला. जेवणाच्या सुट्टीनंतर सरकारी कचेरीत जसं वातावरण असतं, तसा त्याचा स्वभाव होता. आमचं छान जमलं.

पहिला आठवडा मी घरातला जिना उलटा उतरलो. दुसऱ्या आठवड्यात ज्या जागी घासतं तिथे व्हॅसलीन लावायला शिकलो. तिसऱ्या आठवड्यात रायडिंगची घट्ट तुमान घालून हॉलमध्ये आलो, तेव्हा शुभानं ताबडतोब खिडकीचे पडदे ओढले. पाचव्या आठवड्यात मी इंडियन ग्रोसरीतून पाच पौंड हरभरे आणले, रात्रभर भिजवले आणि गुळाची ढेप घेऊन तबेल्यात हजर झालो. घोड्याला काय लागतं हे आपल्याला काय कुणी शिकवायचं! वांडाबाई कुबडी आडवी धरून दारात उभ्या राहिल्या.

"राइडच्या आधी जूनीचं पोट बिघडवायचंय का? तिला गवत पुरतं."

"आमच्याकडे तीनशे वर्षं घोडे हरभऱ्यावर पळाले," मी म्हणालो.

"मग ते तिकडे पळू देत," बाई म्हणाल्या. गुळाचा मात्र त्यांनी एक खडा तोंडात टाकला आणि ढेप ठेवून घेतली.

जूनीला मी आवडत नव्हतो. वही आणि घड्याळ घेऊन मी जवळ गेलो की तिचे कान मागे जायचे. मी मनावर घेतलं नाही. माझा संबंध आकड्यांशी होता, आणि या राइडमधला खरा आकडा मला फारच पसंत पडला होता. तो असा, की शेवटची रेषा ओलांडली म्हणजे राइड पूर्ण झाली असं नाही. त्यानंतर अर्ध्या तासात घोड्याची नाडी मिनिटाला साठच्या आत आली पाहिजे. नाही आली, तर चाळीस किलोमीटर पाण्यात. मी स्वतःचा स्टेथोस्कोप विकत घेतला. शिवांगीकडून घोकून घेतलं: आधी पाणी, मग खोगीर खाली, मग मानेवर ओला स्पंज, मग हळू चालवणं.

"बाबा, आय नो," ती म्हणायची.

"आय नो म्हणणारेच चुकतात," मी म्हणायचो.

एप्रिलमधल्या एका शनिवारी, डिकेटरच्या पलीकडच्या गवताळ रानात, सकाळी सात वाजता आम्ही निघालो. माझ्याकडे किचन टायमर, दोन घड्याळं आणि टप्प्यांचं लॅमिनेट केलेलं वेळापत्रक होतं. पहिल्याच ओढ्यात बिस्किटनं पाणी प्यायला मान खाली घातली, मी पुढे झुकलो आणि वेळापत्रक वाहून गेलं. शिवांगी इतकी खिदळली की मीही हसलो.

त्यानंतर एक नवल घडलं. घोडा दुडक्या चालीनं निघाला की माझ्यासारख्या नवशिक्याला तोंड उघडायची सोय नसते, जीभ चावली जाते. त्यामुळे सलग काही तास मी तिला एकही सल्ला दिला नाही. आणि ती बोलायला लागली. शाळेतली कोणती मैत्रीण आता बोलत नाही, कोणत्या सरांची भीती वाटते, जूनीच्या मानेचा वास घेतला की कसं वाटतं. दोन्ही बाजूंना निळी फुलं पसरली होती आणि मी नुसतं "हं, हं" करत होतो. इतका सुखात मी कित्येक वर्षांत नव्हतो, हे प्रामाणिकपणे सांगतो.

मध्यावर तपासणीचा तळ होता. नाडी मोजायच्या वेळी मी नेमका टॉयलेटमध्ये व्हॅसलीनचं काम करत होतो. बाहेर आलो तर जूनी पासही झाली होती. घोड्यांचे डॉक्टर तिच्या कार्डावर शेरे लिहीत होते. अंगातलं पाणी: ए. चाल: ए. वागणूक: ए. पोटातले आवाज: बी.

"बी का?" मी विचारलं.

"भूक लागलीय तिला," डॉक्टर म्हणाले. "बी चांगलाच आहे."

"पण कुठे कमी पडलं? रीचेक असतो का?"

"बाबा!" शिवांगीनं डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी टोपी मागे सारून मला आपादमस्तक न्याहाळलं, आणि अर्ध्या तासाच्या सक्तीच्या विश्रांतीत घोडीला गवत घाला, स्वतःही काहीतरी खा, असं सांगितलं.

उरलेले मैल आम्ही रेटले. ऊन चढलं होतं. पाच तास बत्तीस मिनिटांनी आम्ही दोघं शेवटच्या रेषेवरून पुन्हा त्याच तळावर आलो, शेवटून तिसरे. बिस्किट दहा मिनिटांत अठ्ठेचाळीसवर आला आणि उभ्याउभ्या पेंगायला लागला. राहिली जूनी.

मी स्टेथोस्कोप काढला. बहात्तर. खोगीर उतरवलं, पाणी पाजलं, स्पंज फिरवला. अडुसष्ट. मी घड्याळ पुढे धरलं. "मान ओली कर. तिथे नाही, खाली. चालव. आता थांबव." सहासष्ट. अडुसष्ट. बारा मिनिटं गेली. मी दर अर्ध्या मिनिटाला तिच्या छातीला नळी लावत होतो आणि आकडा मोठ्यानं सांगत होतो. सोळा मिनिटं झाली तरी अडुसष्टच. माझी स्वतःची नाडी त्याच्या दुप्पट असावी.

शिवांगी माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत एक प्रश्न होता. नाडी खाली आली नाही, तर पैज मी जिंकणार होतो. देवाशपथ, तोवर ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. हे बाबानंच घडवून आणलंय की काय, असं माझी पोरगी मनात म्हणत होती.

"शिवू, मी मुद्दाम नाही गं..."

"आय नो मुद्दाम नाही!" तिचा आवाज फाटला. "दॅट्स द प्रॉब्लेम! तिला काही झालेलं नाहीये, बाबा. इट्स यू. मॅथ काँटेस्टला पण तू पहिल्या रांगेत बसतोस आणि ओठ हलवतोस. मी वर बघत नाही, तरी कळतं. माझं पण असंच होतं. प्लीज, गो अवे."

राइड बघायला आलेल्या वांडाबाई खुर्चीतून म्हणाल्या, "रवी, तिकडे हॅम्बर्गर मिळतात."

"मी शाकाहारी आहे."

"मग नुसता बघून ये."

मी जूनीकडे पाहिलं. कान मागे, मान ताठ. शेजारी शिवांगी, खांदे कानापर्यंत चढलेले. एरवी मी वाद घातला असता. त्या दिवशी मी स्टेथोस्कोप तिच्या हातात दिला आणि निघालो. तेरा मिनिटं उरली होती.

आमची गाडी दोनशे पावलांवर होती. सोबत आलेली शुभा डिकी उघडून पुरी-भाजीचा डबा मांडत होती. मी तळाकडे पाठ करून बसलो आणि दोन्ही घड्याळं काढून तिच्याकडे दिली. झालं ते सगळं सांगितलं.

"शिवांगी झाली तेव्हा नर्सनं तुला बाहेर पाठवलं होतं, आठवतं?" ती म्हणाली.

"कॉफी आणायला. तुला हवी होती."

"मला कसली कॉफी हवी असणार रे? तू बाळाच्या ठोक्यांचा मॉनिटर मोठ्यानं वाचत होतास."

चौदा वर्षांनी मला हे कळत होतं. मी पुरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसलो. मागे वळून बघायची इतकी ओढ होती की मान दुखायला लागली.

बऱ्याच वेळानं पावलं वाजली. शिवांगी एकटीच आली. चेहऱ्यावर धूळ, काही समजायला मार्ग नाही. ती आइस बॉक्सवर बसली आणि तिनं डब्यातली पुरी उचलली. माझ्या ओठांपर्यंत प्रश्न आला होता. मी तो गिळला. आख्ख्या दिवसात, चाळीस किलोमीटर धरून, याहून अवघड मी काही केलं नाही.

"भाजी घे," मी म्हणालो.

तिनं घेतली. एक पुरी संपली, दुसरी संपली. मग ती माझ्याकडे निरखून बघायला लागली.

"छप्पन्न," ती म्हणाली. "आम्ही पास झालो. तू गेलास आणि चार मिनिटांत आली."

शुभानं तिला मिठी मारली. मी आनंदानं ओरडलो, आणि लगेच मला रडू फुटलं. चार मिनिटं! चौदा वर्षं मी त्या पोरीच्या इतक्या जवळ उभा होतो. कॅम्पचे पैसे परत मिळणार नाहीत, हेसुद्धा मला तेव्हा आठवलं नाही.

"बाबा, आर यू ओके?"

"पुढच्या वेळी मी आधीच निघून जाईन," मी नाक पुसत म्हणालो. "पार हायवेपर्यंत."

तिनं मागे तळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू अंतर मोजत होती.

"एवढं लांब नको," ती म्हणाली. "इथपर्यंत ओके आहे."