बाबांच्या घड्याळाचा नवा पट्टा

मित्रांनो, लपवण्यात आता काही हशील नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी एक मनगटी घड्याळ आहे, आठ वर्षं जुनं, आणि खोटं. माझ्या तबकडीवर एका मोठ्या विदेशी कंपनीचं नाव आहे, पण त्या कंपनीनं मला जन्मात पाहिलेलं नाही. माझ्यावर तीन छोट्या तबकड्याही आहेत. लोकांना त्यांचं फार कौतुक. त्या नुसत्या छापलेल्या आहेत, त्यांचे काटे कधी हललेच नाहीत.

पुण्याच्या एका फुटपाथवर, चादरीवर पडलो होतो तेव्हा शंतनुनं मला उचललं. पहिल्या पगारात बाबांना भारी घड्याळ घेईन, असं तो जळगाव जामोदच्या घरी सगळ्यांदेखत बोलून बसला होता. पगार तर खोलीच्या भाड्यात आणि मेसमध्येच संपला. दिवाळीला रिकाम्या हातानं जायचं कसं? "कंपनीचं हाये बाबा," एवढंच तो बोलला, आणि त्या दिवसापासून बाबांच्या डोळ्यांत बघायला कचरू लागला.

बाबा म्हणजे लक्ष्मीकांतराव, शाळेतले कारकून. मी हातात आल्यापासून त्यांनी पूर्ण बाहीचा शर्ट घालणंच सोडलं. रजिस्टर पुढे सरकवताना डावा हात मुद्दाम पुढे. शाळेतले शेषराव मास्तर तर रोज विचारायचे, "किती वाजले हो लक्ष्मीकांतराव?" भिंतीवर घड्याळ असायचं, तरी विचारायचे. ते दिवस मजेचे होते.

वर्षभरानं मी बंद पडलो. बसस्टँडजवळ वाहेदचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. तो लक्ष्मीकांतरावांचा शाळेतला दोस्त. त्यानं डोळ्याला भिंग लावून माझं झाकण उघडलं आणि मान हलवली. आत प्लास्टिकच्या कड्यात बसवलेलं स्वस्तातलं मशीन. माझी अब्रू अशी टेबलावर उघडी पडली.

"काऊन बे, काय झालं?" लक्ष्मीकांतरावांनी विचारलं.

"नकली हाये, लक्ष्मीकांत."

त्यांनी मला उचलून तळहातावर घेतलं. मला वाटलं, आता हे मला नालीत फेकणार. मग म्हणाले, "सेल टाकला तं चालते ना? मंग टाक. अन् मले हे मालूम हाये, हे पोराले कधी समजू देऊ नको. त्याले लाज वाटीन. घे माही शपथ."

वाहेदनं शपथ घेतली.

त्यानंतर सात वर्षं त्यांनी मला रोज हातात घातलं. मी दिवसाला आठ-दहा मिनिटं मागे पडायचो. ते सकाळी चहाच्या आधी मला नीट लावायचे आणि शंतनुचा फोन आला की सांगायचे, "एक मिनिट इकडचं तिकडं होत नाही बाबू, कंपनीचं ते कंपनीचंच." तिकडून शंतनु नुसता "हाव" म्हणायचा. दर दिवाळीला तो यायचा, माझ्याकडे पाहायचा, तोंड उघडायचा आणि आईला विचारायचा की भाजी काय केली. दोघंही एकमेकांना जपत होते आणि मी मधे टिकटिकत होतो.

या उन्हाळ्यात लक्ष्मीकांतरावांना खामगावच्या दवाखान्यात नेलं. हात सुजला होता, बक्कल निघेना, म्हणून नर्सनं माझा पट्टा कात्रीनं कापला. ते घरी परत आले नाहीत. त्यांच्या बायकोनं, वासंतीबाईंनी, मला त्यांच्या चष्म्याबरोबर रुमालात बांधून आणलं.

तेरवीला मामा दुखवट्याचे कपडे आणणार होते. वासंतीबाई शंतनुला म्हणाल्या, "टोपी-उपरण्यासंगं बाबाचं घड्याळही मामाच्या हातानं बांधून घेजो. पट्टा तेवढा टाकून आण." झालं. आदल्या दिवशी शंतनु मला घेऊन वाहेदच्या दुकानात आला.

"वाहेदचाचा, ओरिजिनल पट्टा भेटीन काय?" सवयच लागली होती त्याला.

वाहेदनं माझं माप घेतलं. खोट्याचं मापही धड नसतं. वीस मिलिमीटरचा पट्टा ढिला, बावीसचा आत जाईना. त्यानं बावीसचा काळा चामडी पट्टा घेतला आणि पात्यानं त्याच्या कडा तासायला बसला. ते पाहता पाहता शंतनुचा बांध फुटला.

"चाचा, खोटं हाये हे. मले बाबाले सांगायचं होतं. दरसाल वाटे, पुढच्या दिवाळीले सांगू." मग हळूच म्हणाला, "त्याईले समजलं होतं काय?"

पातं थांबलं. वाहेदच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी जवळून पाहिलं. मेलेल्या दोस्ताची शपथ होती. तो म्हणाला, "नाही बेटा. कधीच नाही."

त्याला वाटलं, पोराचं मन हलकं होईल. शंतनु टेबलावर डोकं टेकवून रडला. "समजलं असतं तं बरं झालं असतं चाचा. रागावले तरी असते. माफ तरी केलं असतं."

वाहेदचे ओठ हलले. पण एकदा 'नाही' म्हणून बसलेला माणूस लगेच 'हो' कसा म्हणणार? त्यानं पट्टा बसवला, पिना दाबल्या आणि मला शंतनुच्या हातात दिलं.

आता मी पुण्यात आहे. सकाळी मला लावताना शंतनु पुटपुटतो, "बाबा, चुकलं माझं." रोज. बाबांनी त्याला केव्हाच माफ केलं होतं, सेल टाकला त्याच दिवशी. मी तिथं होतो. हे त्याला सांगावं म्हणून माझा जीव तुटतो, पण मला टिकटिकीपलीकडे काही येत नाही.

मित्रांनो, तुम्हाला बोलता येतं. घरच्या माणसापासून काही लपवलं असेल तर आजच सांगून टाका. आणि कोणाचं लपवलेलं तुम्हाला कळलं असेल, तर त्याला जवळ बसवून तेही सांगा, की मला माहीत आहे आणि माझा राग नाही.