मुकीच्या हातचं पाणी

धाकट्या सुनेच्या हातचं पाणी पिणार नाही, अशी सासूबाईंची शपथ होती. धाकट्या मुलानं कोणाला न विचारता लग्न केलं, लाँड्रीत इस्त्री करणारी, डावा पाय ओढत चालणारी बायको आणली, तेव्हा तिला दारातूनच परत पाठवताना त्यांनी देवाला साक्षी ठेवून ती शपथ घेतली. बारा वर्षं पाळली. मग डोळे गेले, कंबर गेली, आणि थोरली सून म्हणाली, "माझ्याच्यानं उचलणं-बसवणं व्हायचं नाही बाई."

तोडगाही थोरलीनंच काढला. आईंना सांगायचं की पगारी बाई ठेवलीय, बिचारी मुकी आहे. आवाजच ऐकला नाही तर ओळखतील कशा?

"तुझं काय जातंय?" नवरा धाकटीला म्हणाला. "देवानं सेवा घडवली म्हण."

तिला ते मनापासून पटलं. अशी माणसं असतात. देव बहुतेक त्यांच्याच जिवावर निर्धास्त झोपतो. लाँड्री सोडून ती आली. दोन वर्षं तिनं त्यांचं अंग पुसलं, चादरी बदलल्या, पाठीच्या जखमांना पावडर लावली, मान जराशी कलती धरून तोटीच्या पेल्यानं घोट घोट पाणी पाजलं, आणि त्या खोलीत तोंडातून हूं की चूं काढलं नाही. शिंक आली तरी तोंड दाबून बाहेर पळायची. मनात एकच होतं: एकदा 'आई' म्हणावं, आणि त्यानंतरही त्यांचा हात आपल्या डोक्यावर राहावा.

सासूबाई मात्र मुकीशी पोटभर बोलत. "मुके, माझ्यासारखी भाग्यवान कोण गं? थोरली लाखात एक. रोज दारातून विचारते, कसं वाटतंय म्हणून. धाकटी जगली की मेली, देव जाणे. मेली असेल तर बरंच, लाँड्रीचं विजेचं बिल वाचलं!" स्वतःच्याच विनोदावर त्या खोकला येईपर्यंत हसत. पेला हिंदकळे. "सांडतेस काय? मुकी ती मुकी, वर थोटी?"

एका दुपारी डॉक्टर थोरलीला बाजूला घेऊन म्हणाले, दोन-चार दिवस. धाकटीनं ते ऐकलं. ती खोलीत जाऊन पलंगाशी बसली, तशी सासूबाईंनी चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझ्यामुळे मी भाग्यवान, मुके. पुढच्या जन्मी माझी सून होऊन ये."

दोन वर्षांचा बांध त्या एका वाक्यानं फुटला.

"आई, याच जन्मी आहे. मी धाकटी."

दारातल्या थोरलीनं कपाळावर हात मारला.

सासूबाईंनी हात सावकाश उचलला आणि चादरीला पुसला.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी कळलं. दारातून परत पाठवलं तेव्हा पायरी उतरताना तुझा पाय घासला होता, तो आवाज मी विसरेन होय?"

"मग इतके दिवस..."

"मुकीच्या हातचं पीत होते. मुकीची शपथ कुठे घेतली होती मी? दोन वर्षं तोंड मिटून राहिलीस, डॉक्टर म्हणाला ते दोन दिवस जड झाले?"

"थोडं पाणी घ्या, आई."

"आता देवाला काय सांगू, ओळखलं नाही म्हणून? त्यानंही ऐकलं ना."

त्यांनी ओठ मिटले. थोरलीनं पेला घेतला, पण मान कशी धरायची, तोटी किती वाकडी करायची, हे त्या घरात एकाच हाताला माहीत होतं. पाणी नाकातून आलं. दुसऱ्यांदा थोरलीनं धीर केला नाही. नुसता ओला बोळा ओठांवरून फिरवत राहिली. धाकटी भिंतीला टेकून बघत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई गेल्या, ओठांना भेगा पडलेल्या.

शेजारपाजारच्या बायका जमल्या. "भाग्यवान हो आई," थोरली डोळे पुसत सांगत होती, "शेवटपर्यंत सुनांच्या हातात होत्या."

शेजारची म्हातारी धाकटीजवळ सरकली. "एवढी वर्षं अबोला गं तुमचा. शेवटी तरी बोललीस का त्यांच्याशी?"

"बोलले," ती म्हणाली.