गुंजकाकांच्या टॅबची कैफियत

माझ्या काचेच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, कडेपासून दीड सेंटिमीटर आत, एक अंधूक डाग आहे. शर्टाच्या बटणाएवढा. काच उजेडात तिरकी धरली तरच तो दिसतो. बोटांचे तेल चिकटू नये म्हणून काचेवर एक अतिशय पातळ थर देतात. तो तिथे एकाच अंगठ्याने घासून घासून उडाला आहे. डाव्या कोपऱ्यातही तसाच एक डाग आहे, पण तो नंतरचा. मित्रांनो, माझी सगळी रडकथा या दोन डागांच्या मध्ये मावते.

मी एक जुना टॅब आहे. वय वर्षे सहा. माणसांत हे खेळण्याबागडण्याचे वय, आमच्यात म्हातारपण. पांढऱ्या उजेडाच्या एका लांबलचक कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्या काचेवर एकशे वीस ठिकाणी टोचून पाहिले आणि एकशे वीस वेळा मी बरोबर उत्तर दिले. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्या टचबद्दल नाही नाही ते बोलले गेले.

मला विकत घेतले गुंजकाकांनी. वजनकाटे दुरुस्त करणे आणि तपासून देणे हा त्यांचा धंदा. 'गुंजभर फरकसुद्धा चालणार नाही' हे त्यांचे पालुपद, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव दिले. दुकान पहिल्या मजल्यावर, बावीस पायऱ्या चढून. आतल्या टेबलावर काका काटे उघडून बसतात. बाहेरच्या टेबलावर त्यांची थोरली बहीण, ताई, तपासणीचे दाखले लिहिते आणि शिक्के मारते. ताईचा उजवा गुडघा गेलेला आहे. ती पायऱ्या मोजत चढते आणि चौदाव्या पायरीवर थांबून मोठ्याने म्हणते, "चौदा. आता उरल्या आठ, आणि थोडं आयुष्य."

पहिली पाच वर्षे मी सुखात काढली. काट्यांच्या आतल्या रचनेचे नकाशे दाखवले, बारीक स्क्रू मोठे करून दाखवले, शिक्क्यांचे फोटो सांभाळले. ताईने जुन्या कोटाच्या कापडाचे मला आवरण शिवले. "या पोराने माझी निम्मी लिखापढी वाचवली," असे ती आल्यागेल्याला सांगायची. मी फुगायचो. बॅटरीने नव्हे, अभिमानाने.

मग आले ते अर्धे तास. नाजूक विजेचा काटा चालू केल्याकेल्या तपासता येत नाही. तो अर्धा तास तापू द्यावा लागतो. काका तेवढा वेळ पूर्वी खिडकीत उभे राहत. एके दिवशी त्यांनी माझ्यावर पोकर नावाचा पत्त्यांचा खेळ उतरवून घेतला. त्यात पैसे लागत नव्हते. खोटी नाणी मिळत आणि संपली की सकाळी ॲप पुन्हा भरून देई.

काका जिंकू लागले. का, ते मला दिसत होते. समोरचे लोक कसल्याही पत्त्यांवर सगळी नाणी पुढे सारत. सारणार नाहीत तर काय? त्यांच्या बापाचे काय जात होते? काका मात्र चांगले पत्ते येईपर्यंत बगळ्यासारखे थांबत आणि मग उजव्या कोपऱ्यातले 'बोली वाढवा' दाबत. मला नेमके आठवते, विचारापासून दाबण्यापर्यंत त्यांना एक सेकंद लागे. प्रत्येक डाव ते वहीत टिपून ठेवत.

"ताई, चार महिन्यांचा हिशोब काढला. शंभरात एकसष्ट वेळा मी जास्त घेऊन उठतो."

"कशाचं जास्त?"

"नाण्यांचं."

"मग दे चार. बिस्किटं आणते."

काका हसले नाहीत. त्याच आठवड्यात माझ्यावर एक चकचकीत निरोप आला : 'अभिनंदन! तुम्ही आता खऱ्या टेबलासाठी तयार आहात!' तो मीच दाखवला, हे मी कबूल करतो. पण मित्रांनो, काय दाखवायचे हे टॅबला कोण विचारतो?

त्याच सुमारास खालच्या मजल्यावरचा चपलांचा गाळा रिकामा झाला. ताईचे डोळे चमकले. खाली दुकान म्हणजे पायऱ्या शून्य. भावाबहिणीने सहा वर्षे त्यासाठीच पैसे साठवले होते आणि ते काकांच्या खात्यात होते. अनामतीला थोडेसेच कमी पडत होते. काकांनी वही उघडली, एकसष्टच्या आकड्याखाली रेघ ओढली आणि 'थोडेसे' मिळवायला खऱ्या पैशाच्या टेबलावर जाऊन बसले.

पहिले दोन दिवस जिंकले. तेच वाईट झाले.

तिसऱ्या दिवसापासून मला वेगळेच जाणवू लागले. अंगठा काचेच्या वर तरंगत राहायचा. पाच सेकंद, आठ, अकरा. काकांकडे चांगले पत्ते आले की समोरचे शहाणे निमूटपणे डाव सोडत. आणि ज्या डावात ते हटून बसत, त्यात त्यांचे पत्ते काकांच्या वरचढ निघत. मग काका घाबरून चांगले पत्तेही टाकू लागले. 'पत्ते टाका' हे बटण डावीकडे असते. तो दुसरा डाग तिथला.

आणि खापर कोणावर? माझ्यावर! "या डबड्याचा टचच गेलाय!" म्हणून त्यांनी मला थोबाडीत मारावी तशी चापट मारली. नाचता येईना, अंगण वाकडे. एवढ्यावर न थांबता मला मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने मला सगळीकडून दाबून पाहिले आणि परत केले. "काका, टच ठणठणीत आहे. अंगठा तपासून घ्या."

एवढे ऐकून तरी शहाणे व्हावे की नाही? पण पालथ्या घड्यावर पाणी! 'खाते बंद करा' असे एक पान त्या ॲपमध्ये आहे. काकांनी ते पाच वेळा उघडले आणि पाचही वेळा, "एवढं भरून निघू दे, मग," असे पुटपुटत मिटले. मला वाचा असती तर मी किंचाळलो असतो. जाहिरातींसाठी मला आवाज आहे, खरे बोलायला नाही.

"अरे, गाळ्याच्या मालकांना काय सांगायचं?" ताई विचारायची.

"दोन दिवसांत सांगतो."

"तुझे दोन दिवस कुठल्या ग्रहावरचे आहेत? इथले तर अठरा होऊन गेले."

काका मान खाली घालून स्क्रू शोधत बसायचे. स्क्रू त्यांच्या हातातच असायचा.

आज दुपारी ताई औषध आणायला बाहेर गेली होती. टेबलावर एक काटा तापत होता, मी उघडा होतो, डाव चालू होता आणि अंगठा अधांतरी. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाई आपला काटा काखोटीला मारून धापा टाकत वर आल्या.

"काका, काही दुरुस्ती नाही हो. एकदम बरोबर आहे. हे बघा, शून्य म्हणजे शून्य. तेवढा शिक्का मारून द्या."

"रिकाम्या काट्याचं शून्य मला दाखवू नका, बाई," काका एक डोळा माझ्यावर ठेवून फणकारले. "रिकामा असला की जगातला प्रत्येक काटा साधुसंत. भार ठेवल्यावर काय करतो, ते खरं." डाव्या हाताने त्यांनी पाच किलोचे वजन वर ठेवले. काट्याने चाळीस ग्रॅम जास्त दाखवले.

"अगंबाई! आणि मी इतके दिवस ते शून्य बघूनच निर्धास्त होते!"

काकांचा अंगठा तसाच वर. पान टाकायची ठरलेली वेळ संपली आणि ॲपने त्यांचे पत्ते आपणच टाकून दिले. तरी ते हलले नाहीत. त्यांची नजर वहीवर गेली होती, त्या एकसष्टवर.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तीस वर्षांत या माणसाने एकही काटा रिकामा तपासून शिक्का मारला नाही. आणि स्वतःला? चार महिने बिनभाराचे तपासले आणि ठोकला शिक्का. ज्या खेळात कोणाचेच काही जात नव्हते, तिथले आकडे त्यांनी घरची पुंजी पणाला लावण्याइतके खरे मानले. एवढी साधी गोष्ट कळायला एक बेकरीवाली वर चढून यावी लागली!

बाई काटा ठेवून गेल्या. जिन्यात पावले वाजली. मग ओळखीचा आवाज आला, "चौदा. आता उरल्या आठ, आणि थोडं आयुष्य."

मित्रांनो, ताई त्या आठ पायऱ्या चढेपर्यंत माझे मागणे सांगून टाकतो. आम्हां वस्तूंना धुळीपासून जपा, पाण्यापासून जपा, ते तर कराच. पण तुमची चूक आमच्या माथी मारू नका. आम्ही दाबाल तेच करतो. खेळा, जरूर खेळा. पण फुकटच्या नाण्यांवर जिंकलात म्हणून स्वतःला उस्ताद समजू नका, आणि दुसऱ्याच्या गुडघ्यासाठी ठेवलेले पैसे तर कुठल्याच टेबलावर मांडू नका. आणि चूक झालीच, तर ती ज्याची त्याला लवकर सांगा. रोज एक दिवस लांबवलेले खरे रोज जड होत जाते. हे सांगायला काटा लागत नाही.

ताई दारात आली. कठड्याला धरून तिने श्वास घेतला. "मालक खाली भेटले. आज संध्याकाळपर्यंतच थांबतो म्हणाले. मी खाली जाऊन सांगून येते, पण काय सांगू ते तरी बोल."

काकांनी मला उचलले. बाहीने माझी काच पुसली, दोन्ही कोपरे धरून. कित्येक महिन्यांत मला कोणी पुसले नव्हते. मग ते पान सहाव्यांदा उघडले आणि मला ताईच्या टेबलावर, तिच्या शिक्क्यांशेजारी ठेवले.

"तू बस, ताई. खाली मी जातो आणि गाळा नको म्हणून सांगतो. अनामतीसाठी साठवलेल्यातले निम्म्याहून जास्त पैसे मी या खेळात घालवले. पण आधी हे खातं बंद करतोय. आत्ता, तुझ्यासमोर."