ऐन हंगामातला फोटो

मित्रांनो, मी तासगावजवळच्या एका बेदाणा शेडमधला जुना संगणक आहे. जुना असलो तरी मोडीत निघालेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो! उमेदीची वर्षे मी आष्ट्याच्या एका फोटो स्टुडिओत काढली. किती नवरा-नवरी माझ्या पडद्यावर उजळले! तेव्हा माझे कोण कौतुक होई. पुढे नवे यंत्र आले आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडलो. फार वाईट वाटले. शेवटी या शेडच्या मालकांची सून राजेश्वरी हिने मला इथे आणले, पुसले आणि बटण दाबले. मी पहिल्याच हाकेला ओ दिली.

राजेश्वरीचे सासरे केरबा यांचा बेदाणा साऱ्या भागात नावाजलेला. तो थेट गिऱ्हाइकांना विकायचा म्हणून तिने वेबसाइट काढली. केरबांनी एकच अट घातली.

"माल हाय तसा दिसला, तरच माझं नाव घालायचं. न्हाईतर न्हाई."

वेबसाइटसाठी राजेश्वरीने ऐन हंगामात शेडमध्ये काढलेला फोटो झकास होता. वाळवायच्या जाळ्यांवर पसरलेला हिरवा बेदाणा, दाणा न् दाणा सुटा. पण फोटो इतका जड, की मोबाइलवर पान उघडता उघडेना. राजेश्वरीने तो दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, हलका केला. तरी जड वाटला, म्हणून दाबलेलाच पुन्हा दाबला. मग आणखी एकदा. मूळ फोटो उगाच जागा अडवतो म्हणून माझ्या कचरापेटीत टाकून दिला.

पान झटक्यात उघडले. केरबांनी चष्मा लावला आणि त्यांचा चेहराच पडला.

"राजेश्वरी, ह्यो माल कुनाचा?"

"आपलाच की, आबा."

"आपला न्हाई. ह्यो चिकाटलाय. वल्ला माल भरलाय म्हनतील लोक. माझं नाव काढ."

त्यांचे खरेच होते. पुन्हा पुन्हा दाबल्याने दाण्यांच्या कडा एकमेकांत मिसळल्या होत्या, सुरकुत्या पुसल्या होत्या. बेदाण्याच्या धंद्यात चिकटलेला दाणा म्हणजे ओल राहिलेला माल. नवा फोटो काढावा, तर जाळ्या केव्हाच रिकाम्या झालेल्या. आता पुढच्या हंगामापर्यंत थांबणे आले. राजेश्वरीचे डोळे भरून आले.

पण मी होतो ना! टाकलेला फोटो मी जसाच्या तसा सांभाळला होता. कचरापेटी अजून रिकामी केलेली नाही, हे तिला आठवले. तिने फोटो बाहेर काढला, त्याची नक्कल केली आणि या वेळी घाई केली नाही. पडद्यावर दिसायला हवा त्याहून तो कितीतरी मोठा होता, म्हणून आधी लांबी-रुंदी कमी केली. मग बेताने दाबला. जरा जास्त दाबला गेला, तेव्हा तो सोडून दिला आणि मुळावरून नवी नक्कल घेतली. मूळ फोटो शेजारी ठेवून एकेक सुरकुती ताडून पाहिली. फोटो हलका झाला, आणि दाणा सुटाच राहिला. मला माझे स्टुडिओतले दिवस आठवले.

केरबांनी मोबाइलवर पान उघडले. चष्मा लावून एकेक दाणा न्याहाळला.

"नाव घाल," ते म्हणाले. "आन् जरा मोठं घाल."

मित्रांनो, फोटो खुशाल हलके करा, पण नकलेवर हात चालवा. मूळ फोटो जपा. आणि माझ्यासारखे म्हातारे यंत्र भंगारात देण्याआधी त्याच्या पोटात काय आहे, तेवढे बघा. त्या दिवशी माझ्या पोटात केरबांची सगळी अब्रू होती.