बटन कुणीकडं

छबुबाईंनी बोटाच्या पेरानं काचेच्या गोळ्यावर टकटक केलं आणि कान जवळ नेला.

"मावशी, माठ न्हाई तो," काउंटरमागून रामेश्वर म्हणाला. "वाजवून न्हाई, लावून बघायचा असतो."

"लावल्यावर सगळेच चांगले दिसतेत," छबुबाई म्हणाल्या आणि पुढच्या गोळ्याकडे वळल्या.

बीडच्या या लाइटच्या दुकानाला रामेश्वरनं आपल्या मुलीचं, राजनंदिनीचं नाव दिलं होतं. गिऱ्हाईक ओळखायला मात्र तो तिच्या जन्माआधीच शिकला होता. हॉलचं झुंबर नवरा निवडतो आणि चूक बायकोची ठरते. बेडरूमचा लाइट निवडताना दोघंही भलतीकडे बघतात. स्वयंपाकघराचा कुणीच निवडत नाही, तो उरल्यासुरल्यातून जातो. आणि सोबत आलेली आई फक्त भाव विचारते, मग नाक मुरडते. ही मावशी भावही विचारत नव्हती. त्यामुळे रामेश्वरला जरा चुकल्यासारखं होत होतं.

मावशीचा मुलगा अमरसिंह मात्र पक्का गिऱ्हाईक होता. चकलांब्यात खता-बियाण्यांचं दुकान, नवं दोन मजली घर, वास्तुशांत तोंडावर आलेली. त्यानं हॉलसाठी तीन पदरांचं झुंबर घेतलं, जिन्यासाठी लोंबत्या काचेचे थेंब घेतले आणि आता समोरच्या भिंतीसाठी खाली-वर झोत टाकणारे लाइट बघत होता.

"हे बारा लावा," तो म्हणाला. "रस्त्यावरनं जाणाऱ्याला दिसलं पाहिजे."

"रस्त्यावरनं कशाला?" त्याची बायको स्वप्नाली मोबाइलमधले फोटो सरकवत म्हणाली. "पल्याडच्या अंगणातनं दिसलं पाहिजे, असं म्हणा ना."

अमरसिंह पुढचा लाइट बघायला लागला. पल्याड म्हणजे त्याच्या काकांचं, बजरंगरावांचं घर. नव्या घराच्या मोरीचं पाणी कुठून काढायचं यावरून पाडव्याच्या सुमारास काका-पुतण्याची जुंपली, आणि पाणी राहिलं बाजूला, मध्ये भिंत उभी राहिली. ती इतकी उंच की पलीकडे दोरीवर कुणाचं लुगडं वाळतंय तेही कळू नये. वास्तुशांतीचं आवतन काकांना द्यायचं नाही असं अमरसिंहनं ठरवलं होतं. छबुबाई त्यावर काही बोलल्या नव्हत्या. आई बोलत नाही म्हणजे तिला पटलं, हा त्याचा समज जुनाच होता.

"आई, तू एक तरी निवड की," तो म्हणाला. "सकाळधरनं नुसती टकटक करतीस. कुठलाबी घे. मी न्हाई म्हणणार न्हाई. हे रामेश्वरशेठ साक्षीला."

"बघ हां," छबुबाई म्हणाल्या.

"बघितलं."

तेवढ्यात लाइट गेली.

छतापासून फरशीपर्यंत पेटलेलं ते दुकान एकदम विझलं. शटर अर्धं ओढलेलं, त्यामुळे आत बऱ्यापैकी अंधार झाला. इन्व्हर्टरवर काउंटरवरचा एकच दिवा जळत राहिला. साधाच, लोंबत्या वायरीचा. अर्धा उजेड रामेश्वरच्या बाजूला पडला, अर्धा गिऱ्हाइकांच्या.

"हजार लाइट विकतो बगा," रामेश्वर हसला, "आन् जळायला हा एक."

छबुबाई त्या दिव्याकडे बघत राहिल्या. मग स्टूल ओढून बसल्या.

"आमच्याकडं असाच होता," त्या म्हणाल्या.

"कधी?" स्वप्नालीनं विचारलं.

"दोघं भाऊ येगळे निघाले तवा. हे आन् बजरंगभावजी. घराच्या मधोमध भिंत घातली, पर मीटर एकच. मंग भिंतीत इटंएवढं भोक ठिवलं आन् त्यात बलब सोडला. अर्धा उजेड माझ्या चुलीवर, अर्धा विजूच्या." विजू म्हणजे विजयमाला, त्यांची धाकटी जाऊ.

"आणि बटन?" स्वप्नालीनं विचारलं.

"बटन माझ्याकडं," छबुबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांनीही त्यांची मान जरा ताठ झाली. "मी थोरली ना."

रामेश्वरला गोष्ट आवडली. शेजारच्या टपरीवर त्यानं चहा सांगितला.

"मंग त्यांचं काम उरकायच्या आधी तुमी बंद केला तर?"

"तसं कसं करंन? तिचं उरकलं की ती भिंतीवर उलथन्यानं टकटक करायची. मंग मी बंद करायची." छबुबाईंनी पदर सारखा केला. "पर पयल्या टकटकीला न्हाई. दुसऱ्या."

"कावून बरं?"

"पयल्यालाच उठलं तर तिला काय वाटंल? थोरली हिच्या हाताखाली हाय का?"

स्वप्नाली खळखळून हसली. तिला आपल्या सासूचा हा हिशेब एकदम ओळखीचा वाटला. चहाला हाक मारली तर त्या आजही दुसऱ्या हाकेला येत.

"त्या भोकातनं काय काय जायचं," छबुबाई सांगत होत्या. "मिठाचा खडा, वाटीभर कालवण. हात बलबाला लागायचा, चटका बसायचा. ती म्हणायची, बाई, तुमचं मीठ लई गरम. एकदा भावाभावांचं बांधावरनं वाजलं. बायकांनी बोलायचं न्हाई, असा हुकूम. न्हाई बोललो. सबंद पावसाळा न्हाई बोललो. पर टकटक चालू होती. तिला तरी कुणी अडवावं? रोज रातच्याला टकटक व्हायची, मंग मला कळायचं, ही जेवली, हिची भांडी झाली, पोरं झोपली. एकदा टकटक झालीच न्हाई. मी बलब तसाच ठिवला. सकाळी हे वरडले, रातभर कावून जाळला म्हणून. तिला ताप होता."

चहा आला. छबुबाईंनी कप हातात घेतला पण प्यायल्या नाहीत.

"मंग भावजींनी सोताचं मीटर घेतलं. भोक बुजवलं. दोन्हीकडं दोन-दोन बलब झाले. लई उजेड झाला." त्यांनी कप खाली ठेवला. "ती कधी झोपती तेच कळंना."

अमरसिंह काउंटरच्या कडेला टेकून उभा होता. तो लाइटचं खोकं उगीच उघडून बंद करत होता.

"तू कुणीकडं बसून पाढे म्हणायचास, आठवतं का?" छबुबाईंनी त्याच्याकडे न बघता विचारलं.

"लहान होतो मी."

"पल्याड. का तर काकू चुकलं तरी मारायची न्हाई."

खोकं बंद झालं ते पुन्हा उघडलं नाही.

लाइट आली. सगळं दुकान एकदम पेटलं आणि चौघांनीही डोळे बारीक केले. छबुबाई उठल्या, सरळ मघाच्या पांढऱ्या गोळ्याकडे गेल्या आणि तो दोन्ही हातांनी उचलून काउंटरवर ठेवला.

"हा. मधल्या भिंतीवर. वर, मधोमध."

रामेश्वरनं धंद्याच्या इमानानं सांगितलं, "मावशी, भिंतीला बाजूनं लावायचा येतो, त्याचा समदा उजेड तुमच्या अंगणात पडंल. हा गोळा चहूकडं पडतो. अर्धा शेजाऱ्याला जाईल."

"म्हणून तर."

"आई," अमरसिंह म्हणाला.

"रामेश्वरशेठ साक्षीला हाईत," छबुबाई म्हणाल्या.

रामेश्वरनं घाईघाईनं मान दुसरीकडे वळवली. घरच्या भांडणात साक्ष द्यावी लागली की गिऱ्हाईक तुटतं, हे त्याला ठाऊक होतं. पण हसू त्याला लपवता आलं नाही.

तेवढ्यात अमरसिंहचा फोन वाजला. चकलांब्याहून संजय, वायरमन. सकाळपासून तो घरात वायरीच्या पट्ट्या ठोकत होता. हातात लाइटची खोकी होती म्हणून अमरसिंहनं फोन काउंटरवर ठेवून स्पीकर लावला.

"भाऊ, मधल्या भिंतीवर काई लावायचं हाय का? असंल तर वायर आताच वढून घेतो."

अमरसिंहनं आईकडे पाहिलं, मग गोळ्याकडे.

"हाय," तो म्हणाला. "एक गोळा हाय. मधोमध."

"मंग बटन कुणीकडं काढू? पोर्चमधी का गेटपाशी?"

छबुबाई फोनवर वाकल्या. फोनवर बोलताना त्या नेहमी विहिरीत बोलल्यासारख्या बोलत.

"पल्याड!"

"आं? पल्याड म्हंजी?"

"बजरंगभावजीच्या दारापाशी. विजूचा हात पुरंल असं."

"आई, मीटर आपलं, वायर आपली, भिंत आपली," अमरसिंह म्हणाला, "आन् बटन त्यांचं?"

"माझ्याकडं लई वर्षं होतं," छबुबाई म्हणाल्या.

फोनमध्ये हातोड्याचा आवाज थांबला होता. संजय विचारात पडला असावा.

"मावशी, त्यांच्या भिंतीला बोर्ड ठोकायचा म्हंजी काकूला इचारावं लागंल. इचारू का जाऊन?"

"तू न्हाई," छबुबाई म्हणाल्या. "म्या इचारते. सांजच्याला. आन् वास्तुशांतीचं आवतन बी तवाच देते. दोन खेपा कशाला?"

अमरसिंहनं फोन उचलला. संजयला एवढंच म्हणाला, "वायर जरा लांब घे."

रामेश्वरनं गोळा वर्तमानपत्रात गुंडाळला, खोक्यात बसवला. बाकीचं सामान डिकीत गेलं. हे खोकं छबुबाईंनी मांडीवर घेतलं.

गेवराई मागे पडली, चकलांब्याचा रस्ता लागला. मागच्या सीटवर छबुबाईंनी खोक्यावर पेरानं टकटक केलं.

"फुटला का बघताय, आई?" स्वप्नालीनं विचारलं.

"न्हाई गं," छबुबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "पयल्या टकटकीला विजू उठायची न्हाई."

आणि त्यांनी पुन्हा एकदा केलं.