कडेचे केस

केसांचे टोप बनवणाऱ्या बाईच्या सख्ख्या बहिणीलाच टक्कल पडावं, हा विनोद दुसऱ्या कुणी केला असता तर ताईनं त्याला जिन्यावरून खाली ढकललं असतं. पण तो केला धाकटीनंच, आणि स्वतःच खो खो हसली. ताईला हसता येईना आणि रागावताही येईना.

शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत ताईचं काम चाले. फळीवर ओळीनं लाकडी डोकी, त्यांच्यावर ताणलेल्या जाळ्या, आणि बारीक आकड्यानं त्या जाळीत एकेक केस गाठवत बसलेल्या तिघी: ताई आणि कामाला असलेल्या दोघी. पूर्वी नाटकवाले येत, आता जास्त करून औषधांनी केस गेलेल्या बायका येत. तीस वर्षांत ताईनं एकच नियम केला होता आणि तो मोडला की ती भल्याभल्यांची खरडपट्टी काढायची. गिऱ्हाइकाच्या कडेच्या केसांना हात लावायचा नाही. मधे काहीही उरलेलं नसो, कडेला स्वतःचे केस असले की टोप बेमालूम मिसळून जातो. कडेचे गेले की कितीही भारी टोप घाला, रस्त्यापलीकडूनसुद्धा ओळखू येतो.

धाकटी तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. आई गेल्यापासून तिची वेणी घातली ती ताईनं, उवा काढल्या त्या ताईनं, आणि ताई म्हणेल ती पूर्व दिशा, हे धाकटीच्या अंगवळणी पडलेलं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. चारी भिंतींना आरसे. खालच्या खणातून फ्रेम काढायला ती वाकली की समोरच्या गिऱ्हाइकाला थेट तिचा माथा दिसायचा. एक दिवस एका बाईनं न राहवून विचारलंच, "अगं, हे काय झालंय तुला इथे?"

तिथे नाण्याएवढा चट्टा होता. मधे गुळगुळीत, कडेनं लालसर, आणि कडेच्या केसांच्या बुडाशी बारीक पापुद्रे. खाज यायची, कधी नुसती आग व्हायची.

"चाई असेल," ताई म्हणाली. "चाईचे केस येतात परत." तरी ती धाकटीला दवाखान्यात घेऊन गेली, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं.

डॉक्टर तरुण होता, बाहेर रांग जिन्यापर्यंत गेली होती. त्यानं माथा दोन्ही बाजूंनी पाहिला. "ही चाई वाटत नाही," तो म्हणाला. "एका प्रकारात आपलं शरीरच केसांच्या मुळांवर उठतं. मुळांभोवती सूज येते. मूळ एकदा मेलं की तिथे पुन्हा केस येत नाही. कातडीचा छोटा तुकडा काढून तपासून घेऊ." त्यानं धाकटीला पालथं झोपवलं आणि चट्ट्याच्या कडेला, लाल जागी, केसांच्या बुडाशी पेनानं टिंब काढलं.

ताई उशाशी उभी होती. ते टिंब बघून ती पुढे सरली.

"डॉक्टर, तिथे नको. तिथे केस आहेत."

"तिथलाच बरा पडतो. लाल आहे तिथला."

"अहो, पण मधे घ्या ना! तिथे तसंही काही राहिलेलं नाही. इथले चाळीस केस जातील आणि तुम्हीच म्हणता परत येत नाहीत. माझा धंदाच आहे हा, मला कळतं. तिच्या कडेला हात लावू नका."

धाकटी खाली तोंड करून रडायला लागली. ताईनं डॉक्टरचं मनगटच धरलं. मोठ्या वयाची बाई, ठाम आवाज, बाहेर रांग. त्यानं सुस्कारा टाकला, टिंब पुसलं आणि थोडं आत, चट्ट्याच्या मधोमध नवं काढलं. तुकडा निघाला, एक टाका पडला.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. जुना व्रण. केसांची मुळं नाहीत. सूज आढळली नाही.

"म्हणजे आजार थांबलेला दिसतोय," डॉक्टर म्हणाला. तोवर लावायला दिलेलं मलम त्यानं बंद केलं. दाराबाहेर येताच धाकटी ताईच्या गळ्यात पडली. "ताई, सूज नाहीये गं!" त्या दिवशी ताईला आपल्या हुशारीचं कोण कौतुक वाटलं!

मग बाकीची कामं बाजूला ठेवून पंधरा दिवसांत तिनं धाकटीसाठी माथ्यावरचा छोटा टोप केला. रंग असा जुळवला की आरशांनी भरलेल्या दुकानात कुणाला संशय आला नाही. आजवरचं सगळ्यात चांगलं काम तिनं बहिणीसाठी केलं, यात शंका नाही.

महिन्याभरानं धाकटी म्हणाली, "ताई, आत आग होते."

"जाळी रुतत असेल." ताईनं जाळी बदलली. पुन्हा आग. आणखी मऊ जाळी लावली. तिसऱ्यांदा धाकटीनं तोंड उघडलं तेव्हा ताई वैतागली. "रिपोर्टमध्ये स्वच्छ लिहिलंय, सूज नाही. तूच खाजवतेस, मग दुसरं काय होणार?" धाकटी नंतर काही बोलली नाही. दुकानातून आली की गार पाण्याचं फडकं डोक्यावर ठेवून बसायची. ताईला ते दिसत होतं. दिसूनही तिनं विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर रिपोर्ट खोटा ठरला असता.

सात महिन्यांनी टोपाच्या चापांना धरायला केसच उरले नाहीत. ताईनं टोप उचलला. चट्टा तळहाताएवढा झाला होता.

या वेळी दुसरं रुग्णालय, पन्नाशीच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं, जुना रिपोर्ट वाचला, टाक्याच्या खुणेवर बोट ठेवलं.

"तुकडा इथून घेतला? मधून?"

धाकटीनं मान डोलावली.

"इथलं सगळं केव्हाच संपलं होतं, सूज दिसणार कशी? हा आजार कडेला जिवंत असतो आणि तिथून बाहेर सरकतो. कडेचा तुकडा घेतला असता तर तेव्हाच कळलं असतं, औषध सुरू झालं असतं. नाण्याएवढं गेलं होतं तेवढंच गेलं असतं, निदान इतकं तरी पसरलं नसतं." त्यांचा आवाज चढला. "कोणत्या शहाण्यानं ही जागा ठरवली?"

धाकटीनं मान वळवून ताईकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ती नुसती वाट बघत होती. लहानपणी ताईनं तिला एकच शिस्त लावली होती, चूक झाली तर आपल्या तोंडानं सांगायची. आता ताईची पाळी होती, आणि ती सांगेल याची धाकटीला खात्री होती.

दोघीच असत्या तर ताईनं बहिणीचे पाय धरले असते. पण समोर परकी बाई होती, रागावलेली, आणि शहाण्याची जागा रिकामी होती.

"त्या डॉक्टरांना घाई होती," ताई म्हणाली. "रांग होती बाहेर मोठी."

धाकटीची नजर तशीच राहिली. मग तिनं मान सरळ केली.

"निष्काळजीपणा नुसता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि हातमोजे घालू लागल्या. "आज परत तुकडा घेऊ, आणि औषध आजच सुरू करू. गेलेले येणार नाहीत, ते मनातून काढून टाक. उरलेले वाचवायचे आहेत. झोप पालथी."

ताई सवयीनं उशाशी जाऊन उभी राहिली आणि तिनं धाकटीचा हात हातात घेतला. धाकटीनं तो सोडवून घेतला.

"ताई, तू बाहेर थांब."

"अगं, मी नुसती इथे..."

"बाहेर थांब."

ताई बाहेर आली. दाराशेजारी बाक होता. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"सगळ्यात जास्त आग कुठे होते?"

"इथे," धाकटीचा आवाज आला. "हे केस आहेत ना, त्यांच्या बुडाशी."

"इथले थोडे जातील हं. चालेल?"

ताई बाकावरून उठली. आत जाऊन सगळं सांगून टाकायला अजूनही एक क्षण होता, आणि तिचा हात दारापर्यंत गेलासुद्धा.

"चालेल," धाकटी म्हणाली. "फक्त दार आतून लावून घ्याल का?"